देवाच्या कामाला कागद कशाला

धोंडीराम गांगुर्डेचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. कोर्ट भरतं अकराला, मग बेलिफाने कोंबड्याच्या आधी का उठावं, असं नवीन लागलेली पोरं विचारत. त्याचं उत्तर ठरलेलं होतं. "ज्याला समन्स द्यायचं तो अकरा वाजता दारात बसून माझी वाट बघतो का? माणूस घरी सापडतो तो तोंड धुताना."

न्यायाधीश खुर्चीत बसून हुकूम करतात. तो हुकूम लोकांच्या दारापर्यंत बेलीफ नेतो. समन्स असेल तर हातात देतो, जप्ती असेल तर वस्तू उचलतो, ताब्याचं वॉरंट असेल तर घर रिकामं करून ज्याच्या बाजूने निकाल लागला त्याच्या हातात किल्ली ठेवतो. निकाल आवडला नाही म्हणून न्यायाधीशाला तोंडावर कोणी शिवी देत नाही. ती बेलिफासाठी राखून ठेवलेली असते. कुत्रंही त्याच्यासाठीच सोडलेलं असतं.

नाशिक शहरातल्या एका कोर्टात धोंडीरामने ही नोकरी उभा जन्म केली. तो मूळचा हरसूलच्या बाजूचा. बाप रोजगार हमीवर खडी फोडायचा. मुकादम ढीग मोजायचा, सबब ऐकायचा नाही. तेच धोंडीरामच्या अंगात उतरलं. एखादा आळशी बेलीफ टपरीवर चहा पीत पीतच 'घर बंद आढळले' असं लिहून टाकी. धोंडीराम पुन्हा जाई. घर खरंच बंद असलं तर शेजाऱ्याला विचारून तिसऱ्यांदा जाई. "गेलो नाही आणि गेलो म्हणून लिहिलं, तर पगार कशाचा घेतला?" एवढंच तो म्हणे.

घर रिकामं करायची त्याची रीत वेगळी होती. स्कूटरला मागे कायम एक ताडपत्री बांधलेली असे. दुसऱ्याचा संसार बाहेर काढताना तो मातीत ठेवायचा नाही, आधी ताडपत्री अंथरायची. मग पाण्याचा माठ सावलीत. मग शेगडी, म्हणजे पोराबाळांना दूध तरी तापवता येतं. मग धान्य, मग अंथरुणं. कपाट भरलेलं उचलायचं नाही. उचलताना दार उघडतं आणि घरच्या बाईचे कपडे रस्त्यावर पडतात. हमाल कंटाळत. "दादा, अशानं दिवस मावळंल."

"मावळू दे. रात्र त्यांना काढायचीय, तुला नाही."

आणि या सगळ्याच्या आधी देव. देव घरच्यांनी आपल्या हाताने बाहेर काढायचे. धोंडीराम देव्हाऱ्याला हात लावत नसे, हमालांनाही लावू देत नसे. घरचे रडत असोत की भांडत असोत, देव निघेपर्यंत तो दारात थांबे.

याचं कारण त्याने फक्त दोन माणसांना सांगितलं होतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका खेड्यात जप्तीला गेला असताना त्याने घाईघाईत देव्हारा उचलून ओट्यावर ठेवला होता. घरच्या म्हाताऱ्याने त्याचं आडनाव विचारलं. गाव विचारलं. मग आतून दुधाचा तांब्या मागवला आणि धोंडीरामच्या देखत एकेक देव धुतला. सगळी आळी बघत होती. धोंडीरामच्या स्वतःच्या घरात देव्हारा नव्हता. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती. त्या देवांशी त्याचं घेणंदेणं नव्हतं. पण ते धुणं त्याच्या अंगावर राहिलं ते राहिलंच.

हे त्याने बायकोला, लंकाबाईला सांगितलं होतं. आणि दुसऱ्या दिवशी डबा खाताना ललित आहेरला.

ललित आहेर आणि तो एकाच आठवड्यात बेलीफ म्हणून लागले होते. आहेर पदवीधर होता. खात्याच्या परीक्षा देत देत वर चढला आणि नाझर झाला. बेलिफांना कामं वाटून देणारा, त्यांचा साहेब म्हणजे नाझर. साहेब झाल्यावरही दुपारी तो धोंडीरामच्या डब्यातली नागलीची भाकरी न विचारता उचले.

"धोंडू, वहिनींच्या हाताला चव आहे. तुझ्या तोंडाला मात्र नाही."

"तोंडाला असती तर नाझर मी झालो असतो, ललितराव."

लोकांसमोर तो 'आहेर साहेब' म्हणे, डब्यासमोर 'ललितराव'. ही सीमा दोघांनीही कधी ओलांडली नाही.

कोर्टातला 'बचाव निधी' हे धोंडीरामचंच काम होतं. गेणू नावाचा एक जुना बेलीफ होता. त्याने हुकमाप्रमाणे एक ट्रॅक्टर जप्त केला. ट्रॅक्टरवाल्याने पुढे नुकसानीचा दावा लावला, त्यात गेणूलाही ओढलं. वकिलाला द्यायला गेणूकडे काही नव्हतं. बायकोच्या पाटल्या आणि डोरलं मोडून तो कोर्टात उभा राहिला. जिथे तो नोकरीला होता त्याच कोर्टात. दावा फेटाळला गेला, पण डोरलं परत आलं नाही. गेणूची बायको पुढे काळ्या मण्यांवरच राहिली.

ते बघून धोंडीराम टेबलाटेबलाला फिरला. लिपिक, शिपाई, बेलीफ, सगळ्यांना म्हणाला, दर महिन्याला पगारातून शंभर रुपये द्या. आपल्यातल्या कोणावर कामापायी दावा लागला, तर वकील निधीतून. काहीजण म्हणाले, "गांगुर्डे, आमच्यावर कोण दावा लावतंय? आम्ही तर फायली लावतो." धोंडीराम म्हणाला, "गेणूही असंच म्हणायचा." वर्षभर फिरून त्याने सगळ्यांच्या सह्या मिळवल्या. आहेरने नियम लिहून दिले आणि अध्यक्ष झाला. एका लिपिकाने लगेच स्वतःच्या प्लॉटच्या भांडणासाठी वकील मागितला, तेव्हा नियमात एक ओळ वाढवा असं धोंडीरामनेच भर बैठकीत सांगितलं. हुकमाचं काम करताना दावा लागला तर निधी उभा राहील. हुकमाबाहेरच्या कामाला एक पैसा मिळणार नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याला बरं वाटलं.

नोकरीच्या दोन दिवाळ्या शिल्लक असताना सुलाबाईचं वॉरंट आलं.

सुलाबाई खैरनार ही सत्तरी ओलांडलेली विधवा. द्वारका चौकाच्या पुढे आत एका गल्लीत तिचं चार खोल्यांचं घर होतं. दिराशी भाऊबंदकीचा दावा पार नवऱ्याच्या हयातीपासून चाललेला. निकाल दिराच्या मुलाच्या, म्हणजे पुतण्याच्या बाजूने लागला. तिचा मुलगा रविराज पुण्याला कंपनीत होता. त्या दिवशी तो आलाच नाही. दिवाळीच्या सुट्टीआधीचा कोर्टाचा तो शेवटचा दिवस होता. धोंडीराम पोलीस आणि हमाल घेऊन गेला, ताडपत्री अंथरली आणि दारात थांबला.

"आजी, आधी देव काढून घ्या."

सुलाबाई मागच्या देवाच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसली होती. "मी नाही काढणार. ऐन दिवाळीत देव हलवायचे? तुला काढायचेत तर काढ."

"मी हात लावत नाही."

"मग राहू देत."

"आजी, घर गेलं. देव तरी न्या."

"घर गेलं तर देव कुठं ठेवू? ताडपत्रीवर?"

पुतण्या घड्याळ दाखवू लागला. पोलिसांना दुसरीकडे बंदोबस्त होता. हवालदार म्हणाला, "गांगुर्डे, उचल ना ते चार देव आणि दे तिच्या पदरात. काय चावतात का?" धोंडीराम हलला नाही. शेवटी बाकीच्या तीन खोल्या त्याने रिकाम्या करून पुतण्याच्या ताब्यात दिल्या. देवाच्या खोलीच्या दोन्ही दारांना कुलूप घातलं, वर कापड गुंडाळून लाखेचं सील केलं. त्या खोलीचा निर्णय कोर्टाच्या पुढच्या तारखेला होईल असं पंचनाम्यात लिहिलं. सुलाबाई तेवढा वेळ ताडपत्रीवर बसून होती. ट्रकमध्ये सामान चढलं, ती भाचीकडे निघाली, तेव्हा तिला कळलं की तारीख सुट्टीनंतरची आहे.

"म्हणजे दिवाळीत माझे देव कुलपात? दिवा नाही, पाणी नाही?" ती त्याच्या शर्टाला धरून म्हणाली. "तूच कुलूप लावलंस ना? तुला तुझ्या आईची शपथ, उघडून दे."

धोंडीराम संध्याकाळी परत आला तेव्हा कोर्ट रिकामं झालं होतं. न्यायाधीश गावी निघून गेले होते. आहेर फाटकाबाहेरच्या टपरीवर चहा पीत होता. धोंडीरामने उभ्या उभ्या सगळं सांगितलं.

आहेरने त्याच्यासाठी एक कप मागवला. "मग काय करायचं म्हणतोस?"

"तुम्ही सांगा. हुकमाशिवाय सीलला हात लावता येत नाही."

"साहेब आता भेटायचे नाहीत. उद्या सकाळी जा, म्हातारीला देव काढून दे, पुन्हा सील कर. साहेबांच्या कानावर मी घालतो."

"चिठ्ठी द्या दोन ओळींची."

आहेर हसला. "धोंडू, तू माझ्याकडे चिठ्ठी मागतोस? अरे, देवाच्या कामाला कागद कशाला?"

धोंडीरामने आयुष्यात कागदाशिवाय काम केलं नव्हतं. पण समोर ललितराव होता. त्याच्याकडून चिठ्ठी मागणं म्हणजे डब्यातली भाकरी हिशेबाने वाढण्यासारखं झालं असतं. तो चहा प्यायला आणि घरी गेला.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तो भाचीच्या घरून सुलाबाईला स्कूटरवर घेऊन आला. देवाच्या खोलीला मागच्या बोळातून वेगळं दार होतं. त्याने तिथलं सील फोडलं, कुलूप काढलं आणि बोळाकडे तोंड करून, खोलीकडे पाठ करून उभा राहिला.

"आत ये ना बाबा, दिवा धर जरा," सुलाबाई म्हणाली.

"माझं काम दारापर्यंत."

आत तिची कुजबुज, भांड्यांचा आवाज. बऱ्याच वेळाने ती पदरात देव बांधून बाहेर आली. काखेत एक पितळी डबा होता. "कुंकवाचा," ती आपणहून म्हणाली आणि झाकण उघडून दाखवलं. कुंकू होतं, काडेपेटी होती, वाती होत्या. धोंडीरामने पुन्हा कुलूप घातलं, पुन्हा सील केलं. तिने त्याच्या हातावर खडीसाखर ठेवली. त्याने ती तोंडात टाकली नाही, खिशात ठेवली. घरी लंकाबाईने चहात घातली.

"देवाला लावलेली हाय ना?" लंकाबाईने विचारलं.

"साखरच आहे."

सुट्टी संपली आणि रविराज पुण्याहून आला. घर गेलं होतं, ते परत मिळणार नव्हतं. पण हुकूम नसताना सील तुटल्याचं त्याच्या कानावर आलं आणि त्याच्या वकिलाचे डोळे चमकले. दोन महिन्यांत दावा दाखल झाला. देवाच्या खोलीत आईच्या सोन्याच्या पुतळ्यांची माळ होती, ती गेली. कोर्टाच्या माणसांनी पुतण्याशी संगनमत केलं. नुकसानभरपाई मिळावी. प्रतिवादी तिघे: हुकूम देणारे न्यायाधीश, नाझर आहेर आणि बेलीफ गांगुर्डे.

धोंडीरामला पहिल्यांदा हसूच आलं. गेणूला तो म्हणाला, "बघ, तुझ्या पंगतीला बसलो."

गेणू निवृत्त होऊन ओट्यावर बसून असे. तो हसला नाही. "कागद हाय ना?"

"आहेर साहेबांनी सांगितलंय. ते सांगतील."

"कागद हाय का, ते इचारलं मी."

धोंडीरामला त्याचा राग आला. माणूस एकदा पोळला की त्याला सगळीकडे विस्तव दिसतो, असं मनात म्हणत तो उठला.

न्यायाधीशांच्या बाजूने सरकारी वकील उभे राहिले. न्यायाधीशांना कायद्याचं कवच असतं. नसतं तर निकाल द्यायला कोणी धजलं नसतं. त्यांचं नाव दाव्यातून लवकरच कमी झालं. धोंडीरामला त्यात काही खुपलं नाही. आपलंही असंच होईल, थोडं उशिरा, असं त्याने धरलं होतं. त्यानेही कार्यालयामार्फत रीतसर अर्ज दिला: कामापायी दावा लागला आहे, सरकारने वकील द्यावा. वरून एकच प्रश्न आला. सील उघडायचा हुकूम होता का? तो प्रश्न नाझर कचेरीकडे गेला. नाझर कचेरीने कळवलं, नव्हता.

धोंडीरामने मनाची समजूत घातली. लेखी हुकूम नव्हता हे खरंच होतं. कागदावर ललितराव दुसरं काय लिहिणार? निधीच्या बैठकीत बोलेल. तिथे सगळी आपलीच माणसं आहेत.

बैठक दुपारच्या सुट्टीत, कॅन्टीनच्या मागच्या खोलीत झाली. निधीचा चिटणीस प्रफुल्ल हा तरुण लिपिक. त्याने विषय वाचला: आहेर साहेब आणि गांगुर्डे, दोघांनी वकिलासाठी अर्ज केला आहे.

"दोघांना एकच वकील द्या," धोंडीराम म्हणाला. "काम एकच होतं. साहेबांनी सांगितलं, मी केलं."

सगळे आहेरकडे बघू लागले. आहेरने चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा घातला.

"गांगुर्डे, मी तोंडी हुकूम कधी देत नाही. तुला माहीत आहे."

धोंडीरामला आधी वाटलं, लोकांसमोर म्हणून बोलतोय. "टपरीवर, साहेब. सुट्टी लागली त्या संध्याकाळी. चहा पाजलात."

"चहा मी तुला रोज पाजतो."

कोणीतरी हसलं. प्रफुल्ल खाली बघून म्हणाला, "गांगुर्डे काका, एक विचारू? रागावू नका. तुम्ही तर देव मानत नाही. मग देवांसाठी एवढं...? लोक विचारणारच."

"मी मानत नाही. ती मानते."

"ते ठीक आहे हो, पण..."

"नियम काय सांगतो?" मागून एक शिपाई म्हणाला. "हुकमाबाहेरच्या कामाला पैसा नाही. गांगुर्डेदादांनीच घालायला लावलाय तो. तेव्हा टाळ्या वाजवल्या होत्या आपण."

धोंडीराम आहेरकडे बघत राहिला. तिथे एक शब्द पुरला असता. आहेरने तो दिला नाही. बैठकीत ठरलं: आहेर साहेबांनी हुकूम दिलाच नव्हता, त्यांना विनाकारण ओढलं आहे, म्हणून त्यांना निधीतून वकील मिळेल. गांगुर्डे यांचं काम हुकमाबाहेरचं, म्हणून त्यांना नाही. हात वर झाले. ज्यांच्या टेबलाशी तो वर्षभर सह्यांसाठी उभा राहिला होता, तेच ते हात.

दुसऱ्या दिवशी दुपारी आहेर डबा खायला आला नाही. त्यानंतर कधीच आला नाही. लंकाबाई सवयीने एक भाकरी जास्त देत होती. चार-सहा दिवस ती तशीच परत आली, तेव्हा तिने विचारलं. धोंडीरामने सांगितलं.

"तोंडावर नाय म्हनला?" लंकाबाई परातीतले हात तसेच ठेवून बसली. "मंग त्याच्या तोंडात एवढ्या वर्साच्या माझ्या भाकरी गेल्या, त्या कुठं गेल्या?"

"त्याचीही नोकरी आहे. सांगितलं म्हणाला असता तर तोच अडकला असता."

"त्याची बाजू तू घेऊ नको. त्याला वकील हाय."

ती पुढे म्हणाली, "ते शंभर रुपये तरी बंद कर. कशाला देतोस त्यांना?"

"उद्या दुसरा गेणू होईल, त्याचं काय?"

"दुसरा गेणू तूच झालास की!"

पण त्याने शंभर रुपये बंद केले नाहीत. लावलेलं काम अर्ध्यात सोडायचं त्याला जमत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर त्याच्या मनात अजून एक कोपरा होता, जिथे ललितराव एखाद्या संध्याकाळी टपरीवर थांबून म्हणणार होता, धोंडू, चुकलं माझं, उद्या सांगतो.

धोंडीरामला वकील मिळाली मनीषा नावाची. सुरगाण्याकडची पोरगी, नवीनच कोर्टात उभी राहू लागलेली. फी विचारली तर म्हणाली, "काका, माझ्या पहिल्या केसचं समन्स तुम्ही बजावलं होतं. लोक म्हणत होते पक्षकार सापडणार नाही. तुम्ही तिसऱ्यांदा गेलात. जमेल तेव्हा द्या, जमेल तेवढं द्या." तिने त्याला एकच सल्ला दिला. सुलाबाईंना भेटा. डबा त्यांनी उघडून दाखवला होता, एवढं त्यांनी सांगितलं तरी पुष्कळ.

धोंडीरामला भेटायला जावं लागलं नाही. तारखेला रविराज आईला घेऊन आला आणि वकिलाशी बोलायला आत गेला. सुलाबाई बाकावर एकटी बसली होती. धोंडीराम समोर जाऊन उभा राहिला.

"आजी, माळ होती का हो आत?"

तिने आजूबाजूला पाहिलं. "कसली माळ बाबा? ती तर पोराच्या शिक्षणात कधीच मोडली."

"एवढंच आत सांगाल?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझे देव तुझ्यामुळे सुटले. पण आता भाकरी त्याच्या घरची खाते. देवही त्याच्याच घरी आहेत. त्याने बाहेर काढले, तर ह्या वेळी कोण उभं राहील रे माझ्यासाठी?"

धोंडीरामने मान हलवली. तिचा त्याला राग आला नाही. तिने त्याच्या हातची भाकरी कधी खाल्ली नव्हती. साक्षीला ती आलीच नाही. तब्येत बरी नाही असं रविराजने सांगितलं.

धोंडीरामची साक्ष झाली तो त्याच्या नोकरीचा शेवटचा महिना होता. त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावरच्या दुसऱ्या कोर्टात. सकाळी तो नेहमीसारखा साडेचारला उठला, दोन समन्स बजावून आला, मग पिंजऱ्यात उभा राहिला. मनीषाने त्याच्याकडून सगळं नीट सांगवून घेतलं: सील, बोळ, डबा, टपरी. रविराजच्या वकिलाने माळेचं विचारलं. धोंडीराम म्हणाला, मी आत गेलोच नाही. वकिलाला पुढे फार काही विचारता आलं नाही.

मग आहेरचा वकील उठला. काळा कोट नवा, आवाज शांत. निधीने चांगला माणूस निवडला होता.

"गांगुर्डे, तुम्ही देव मानता?"

"नाही."

"घरात देव्हारा?"

"नाही."

"मग सुट्टीच्या दिवशी, भल्या पहाटे, दुसऱ्याच्या देवांसाठी तुम्ही कोर्टाचं सील फोडलंत?"

"मला सांगितलं होतं."

"साक्षीदार कोण?"

"समोर चहाचे दोन कप होते."

मागच्या बाकांवर हशा पिकला. न्यायाधीशांनी वर पाहिलं, हशा थांबला. वकीलही हसला नाही. त्याने टेबलावरून काही उचललं नाही, काही चाळलं नाही. सगळं त्याच्या डोक्यात होतं.

"नोकरीच्या पहिल्या वर्षी तुम्ही एका खेड्यात जप्तीला गेला होतात. तिथे तुम्ही देव्हाऱ्याला हात लावलात. घरच्या म्हाताऱ्याने तुमच्यासमोर देव दुधाने धुतले. बरोबर?"

धोंडीरामचा हात पिंजऱ्याच्या कठड्यावर होता. तो तिथेच राहिला. ही गोष्ट त्याने दोघांना सांगितली होती. त्यातली एक घरी भाकरी थापत होती. दुसरा प्रतिवादीच्या बाकावर बसून छताच्या पंख्याकडे बघत होता.

"बरोबर का, गांगुर्डे?"

"बरोबर."

"तो अपमान तुम्ही विसरला नाहीत."

"नाही."

"म्हणून पुढे कोणाच्याही देवाच्या खोलीत काय करायचं हे तुम्ही स्वतःच ठरवत होतात. हुकूम असो वा नसो. हवालदार सांगत असताना देव काढले नाहीत, ते तुमच्या मर्जीने. दुसऱ्या दिवशी सील फोडलं, तेही तुमच्याच मर्जीने. नाझरांचा याच्याशी संबंध नाही."

मनीषा उठून काही म्हणाली. न्यायाधीशांनी धोंडीरामला उत्तर द्यायला सांगितलं.

धोंडीरामने आहेरकडे पाहिलं. "ललितराव," तो म्हणाला. कोर्टात त्याने त्याला या नावाने पहिल्यांदाच हाक मारली होती. "तुम्हीच सांगा."

"साक्षीदाराने प्रतिवादीशी बोलू नये," वकील शांतपणे म्हणाला. आणि ते बरोबरच होतं.

काही महिन्यांनी निकाल लागला. माळेचा पुरावा नाही, म्हणून दावा फेटाळला. नाझर निर्दोष. बेलिफाने मात्र हुकमाशिवाय, स्वतःच्या मर्जीने सील फोडलं, असं निकालात नोंदलं गेलं. ती नोंद कार्यालयात गेली, धोंडीरामची चौकशी लागली, आणि तो निवृत्त होऊन घरी बसला तरी ती चालूच राहिली.

पण त्याच्यासाठी गोष्ट साक्षीच्या दिवशीच संपली होती. पिंजऱ्यातून उतरून तो बाहेर आला, तेव्हा प्रफुल्ल जिन्यात उभा होता. "वकील हुशार आहे हो," तो एवढंच म्हणाला.

"हो," धोंडीराम म्हणाला. "तयारी करून आला होता. जुन्या गोष्टी बसून ऐकून घेतल्या होत्या त्याने. एकही प्रश्न वाया घालवला नाही."

त्याने हे मनापासून म्हटलं. चोख काम ओळखायला तो चुकत नसे. जिना उतरून तो स्कूटरजवळ गेला, ताडपत्रीची दोरी सैल झाली होती ती आवळली. नाझर कचेरीच्या खिडकीशी बेलिफांचा पगार वाटला जात होता. त्याच्याही शेवटच्या पगारातून, दर महिन्यासारखे, निधीचे म्हणजे त्याच वकिलाच्या फीचे शंभर रुपये कापून झाले होते.